उगवण्याआधीचा दात

घराघरांत ऐकू येणारे एक वाक्य आहे. नऊ-दहा महिन्यांचे बाळ किरकिर करू लागते, अंग तापते, पाठोपाठ जुलाब होतात, आणि काळजीत पडलेल्या सुनेला आजी धीर देतात, "अगं, दात यायलेत त्याला, ताप येणारच की!" आपल्या कोल्हापूर परिसरात बाळांची किती तरी आजारपणे या एका वाक्याखाली झाकली जात असतील. धीर देण्यामागील माया खरी असते. परंतु त्यातील कार्यकारणभाव मात्र खरा नसतो. आजच्या लेखात त्याच वाक्याकडे जरा निराळ्या बाजूने, म्हणजे सूक्ष्मदर्शकाच्या नळीतून, पाहावयाचे आहे.

प्रथम एवढे स्पष्ट केले पाहिजे की, दात येताना हिरडी सुजते, लाळ गळते, बाळ हाती येईल ते चावू पाहते, झोपेत चुळबुळ करते, क्वचित अंग किंचित कोमट लागते. एवढेच. चढा ताप, वारंवार होणारे जुलाब, उलट्या, मलूलपणा यांचा दोष दाताकडे जात नाही. मग ही दोन्ही एकाच वेळी का दिसतात? कारण सहाव्या महिन्यानंतर आईकडून मिळालेली रोगप्रतिकारक द्रव्ये ओसरू लागतात, वरचे अन्न सुरू होते, बाळ रांगू लागते आणि जमिनीवरची प्रत्येक वस्तू तोंडात घालते. जंतुसंसर्गाचे वय आणि दात येण्याचे वय एकच असते. सोबत चालणाऱ्या दोघांपैकी एकाने दुसऱ्याला आणले, असे मानण्याची ही चूक आहे.

मात्र ताप आणि दात यांचे काहीच नाते नाही, असेही नव्हे. नाते आहे, पण ते उलट्या दिशेचे आहे. दातामुळे ताप येत नाही, परंतु मोठ्या आजारपणाची खूण दातावर राहू शकते. आणि तीही त्या वेळी हिरडीतून डोकावणाऱ्या दातावर नव्हे, तर आणखी पाच-सहा वर्षांनी उगवणाऱ्या, आज जबड्याच्या आत गुपचूप घडत असलेल्या दातावर. हे समजून घेण्यासाठी दात उगवण्याआधी कसा घडतो, ते पाहणे आवश्यक आहे.

कळी, टोपी, घंटा

दंतवैद्यक शाखेच्या पहिल्याच वर्षात दातांची रचना, त्यांची गर्भावस्थेतील वाढ आणि त्यांच्या ऊती हा विषय शिकविला जातो. आपल्या जिल्ह्यातील न्यू पारगावच्या तात्यासाहेब कोरे दंत महाविद्यालयात काय किंवा राज्यातील अन्य कोणत्याही दंत महाविद्यालयात काय, विद्यार्थी सूक्ष्मदर्शकापुढे बसतो आणि त्याच्या पुढ्यात काचपट्ट्या येतात. केसाहूनही कितीतरी पातळ असे ऊतींचे काप त्यांवर चिकटविलेले असतात. हे काप दोन रंगांनी रंगविलेले असतात : हिमॅटॉक्सिलिनमुळे पेशींची केंद्रके निळी-जांभळी दिसतात, तर इओसिनमुळे उरलेला भाग गुलाबी होतो. पहिल्या दिवशी विद्यार्थ्याला त्यात रंगांच्या गर्दीखेरीज काहीही दिसत नाही. हळूहळू डोळा सरावतो आणि त्या गर्दीतून तीन आकार वेगळे होऊ लागतात.

पहिला आकार कळीचा. गर्भ सुमारे सहा आठवड्यांचा असताना भावी जबड्याच्या कमानीवर तोंडाच्या आतील आवरणाची एक पट्टी जाड होऊ लागते. या पट्टीवर वर दहा आणि खाली दहा अशा गाठी उमटतात. दुधाचे दात वीस. त्यांचा हा पहिला पुरावा. आठव्या आठवड्याच्या सुमारास ही गाठ कळीसारखी दिसते. आतून बाहेरून भरीव असते. त्या क्षणी तिच्याकडे पाहून हा पुढे पटाशीचा दात होणार की दाढ, हे सांगता येत नाही.

दुसरा आकार टोपीचा. नवव्या-दहाव्या आठवड्यात कळीचा तळ आत दबतो आणि दाट पेशींच्या एका पुंजक्यावर टोपी घातल्यासारखे दृश्य दिसते. टोपीतून पुढे केवळ एनॅमल, म्हणजे दाताचे पांढरे, कठीण बाह्य कवच तयार होते. टोपीखालच्या पुंजक्यातून डेंटिन हा दाताचा मुख्य भाग आणि त्याच्या पोटातील नाजूक मगज निर्माण होतो. या दोहोंभोवती पेशींची एक पिशवी असते. तिच्यातून मुळावरचे सिमेंटम, दाताला हाडाशी बांधून ठेवणारे तंतू आणि खोबणीचे हाड घडते. एका दाताचा सारा संसार या तीन भागांत मांडलेला असतो.

तिसरा आकार घंटेचा. टोपीची पोकळी खोल होते, कडा खाली उतरतात, आणि बाहेरच्या व आतल्या थरांमध्ये चांदण्यांसारख्या पेशींचे विरळ जाळे पसरते. दाढेला किती उंचवटे असावेत, सुळ्याला टोक कसे असावे, हे या अवस्थेत ठरते. परीक्षेत ओळख पटविण्याची सोपी खूण अशी : भरीव गाठ दिसली तर कळी, उथळ खळगा दिसला तर टोपी, खोल पोकळी आणि तिच्यावर चांदण्यांचे जाळे दिसले तर घंटा. आणि घंटेच्या आतल्या काठाशी पेशींच्या दोन रांगांमध्ये गुलाबी रेघ उमटू लागली असेल, तर समजावे की प्रत्यक्ष दात घडविण्याचे काम सुरू झाले. दुधाच्या पुढच्या दातांत ही रेघ गर्भाच्या चौथ्या महिन्यातच दिसते. बाळाचे बोळके आपण ज्याला म्हणतो, त्या बोळक्याच्या हिरड्यांत जन्माच्या वेळी वीसही दुधाचे दात निरनिराळ्या टप्प्यांवर घडत असतात.

दोन कारागीर

त्या गुलाबी रेघेच्या दोन बाजूंना दोन जातींचे कारागीर उभे असतात. आतल्या बाजूला डेंटिन घालणाऱ्या पेशी, बाहेरच्या बाजूला एनॅमल घालणाऱ्या उंच, स्तंभासारख्या पेशी. नियम असा की, डेंटिनचा पहिला थर पडल्याखेरीज एनॅमल सुरू होत नाही. त्यानंतर दोघेही काम करीत एकमेकांपासून मागे सरकतात. एक मगजाच्या दिशेने, दुसरा बाहेरच्या दिशेने.

येथे दोघांचे नशीब वेगळे होते. डेंटिन घालणाऱ्या पेशी मगजाच्या काठाशी आयुष्यभर राहतात. दात झिजला किंवा कीड जवळ येऊ लागली, तर त्या आतून नवा थर घालून मगजाचा बचाव करू पाहतात. एनॅमल घालणाऱ्या पेशी मात्र काम संपल्यावर आक्रसतात आणि दात तोंडात उगवताच कायमच्या नाहीशा होतात. मोडलेले हाड सांधते, कातडीवरची जखम भरून येते; पण फुटलेले वा झिजलेले एनॅमल शरीर पुन्हा घडवू शकत नाही, कारण ते घडविणारा कारागीरच उरलेला नसतो. लाळेतील खनिजे आणि फ्लोराइड यांच्या साहाय्याने पृष्ठभागावरची अगदी सुरुवातीची झीज काहीशी भरून निघते, एवढाच काय तो दिलासा. कॅल्शियमच्या गोळ्या देऊन उगवलेल्या दाताचे एनॅमल जाड होईल, ही अपेक्षा म्हणूनच व्यर्थ आहे. जे व्हावयाचे, ते उगवण्याआधीच होऊन गेलेले असते.

काचपट्टीवरून नाहीसे होणारे एनॅमल

याच विषयातील आणखी एक गोष्ट प्रत्येक नवख्या विद्यार्थ्याला चकविते. पूर्ण वाढलेल्या दाताचा काप पाहताना डेंटिन, मगज, मूळ सारे दिसते. पण जेथे एनॅमल असावयास हवे, तेथे मोकळी जागा असते. दात कापण्याजोगा मऊ व्हावा म्हणून त्याला आधी सौम्य आम्लात काही दिवस बुडवून ठेवतात. डेंटिनमध्ये वजनाने सुमारे ७० टक्के खनिज असते; आम्लाने ते विरघळले तरी तंतूंचा सांगाडा मागे उरतो आणि तो रंग घेतो. एनॅमलमध्ये मात्र सुमारे ९६ टक्के खनिज असते. आम्लात ते विरघळते आणि मागे जवळजवळ काहीच उरत नाही. एनॅमल पाहावयाचे असेल, तर आम्लाचा वापर न करता दात दगडावर घासून घासून पारदर्शक होईपर्यंत पातळ करावा लागतो.

शरीरातील सर्वांत कठीण पदार्थ आम्लापुढे इतका दुबळा असावा, हे काचपट्टीवर एकदा पाहिले की विसरता येत नाही. प्रयोगशाळेतील बरणीत जे काही दिवसांत होते, तेच तोंडात काही महिन्यांत होते. दातांवरच्या थरातील जिवाणू साखरेपासून आम्ल तयार करतात आणि आम्लता एका मर्यादेपलीकडे गेली की एनॅमलमधील खनिज सुटू लागते. आपल्या भागात गूळ, काकवी आणि उसाचा रस यांचे कौतुक मोठे, आणि ते रास्तही आहे. पण 'साखर वाईट, गूळ चालतो' हा भेद जिवाणूंना ठाऊक नसतो. गुळाचे बोट चाटविल्यावर किंवा गोड दुधाची बाटली तोंडात ठेवून बाळ झोपी गेल्यावर जिवाणूंना हवे ते मिळालेले असते.

दातात लिहिलेली रोजनिशी

घासून पातळ केलेल्या दाताचा काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की एनॅमलमध्ये रेषा दिसतात. एनॅमल दिवसाला सुमारे चार मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या चौपट, या गतीने वाढते, आणि प्रत्येक दिवसाच्या कामाची एक बारीक आडवी खूण मागे राहते. साधारण आठवड्यागणिक एक अधिक ठळक रेषा उमटते. तिला स्वीडिश शरीररचनाशास्त्रज्ञ आंद्रेस रेट्झियस यांचे नाव मिळाले आहे. झाडाच्या खोडात वर्षांची वलये असतात, तशी दातात दिवसांची आणि आठवड्यांची असतात.

या रेषांत एक रेषा विशेष असते. दुधाच्या दातांत, आणि बहुधा सहाव्या वर्षी येणाऱ्या पहिल्या कायमच्या दाढेतही, ती ठसठशीत दिसते. गर्भाशयातील उबदार स्थैर्य संपून बाळ बाहेरच्या जगात आले, त्या क्षणाची ती नोंद असते. अमेरिकी संशोधक आयझॅक शूर यांनी १९३६ मध्ये तिचे सविस्तर वर्णन केले. तिला जन्मरेषा म्हणता येईल. जन्माइतका ताण जर दातावर उमटत असेल, तर पुढील आजार, उपासमार आणि दीर्घ ताप का उमटू नयेत? ते उमटतातच. कधी केवळ सूक्ष्मदर्शकाला दिसणारी गडद रेषा म्हणून, कधी नुसत्या डोळ्यांना दिसणारा खळगा, आडवी खाच किंवा पिवळा-तपकिरी डाग म्हणून.

ही रोजनिशी किती काळ टिकते, याचे उदाहरण आपल्याच महाराष्ट्रात आहे. कोल्हापूरच्या पंचगंगेकाठी ब्रह्मपुरी टेकडीचे उत्खनन १९४५-४६ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजने केले, हे अनेक वाचकांना माहीत असेल. त्याच संस्थेने पुढे १९६८ ते १९८३ या काळात पुणे जिल्ह्यातील घोड नदीकाठच्या इनामगाव येथे उत्खनन केले. तेथे सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीची शेतकऱ्यांची वस्ती उजेडात आली. दगावलेली बाळे दोन कुंभांची तोंडे जुळवून त्यांत, घराच्या जमिनीखाली पुरली जात. या बाळांच्या दातांचा अभ्यास डेक्कन कॉलेजचे डॉ. सुभाष वाळिंबे आणि अमेरिकेचे जॉन लुकाक्स यांनी केला. दुधाच्या सुळ्यांवर एनॅमल नीट न घडल्याने पडलेले खळगे त्यांनी नोंदविले आणि १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखात त्या खळग्यांचा विचार बदलते हवामान व बदलती उपजीविका यांच्या संदर्भात केला. ज्या बाळांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत, त्यांच्या तान्हेपणीच्या हालअपेष्टा त्यांच्या दातांनी तीन हजार वर्षे जपून ठेवल्या.

कोणत्या महिन्यात कोणता दात

आता आरंभीच्या नऊ महिन्यांच्या बाळाकडे परत येऊ. त्याच्या हिरडीत दुधाचे एक-दोन दात डोकावत आहेत. त्याच वेळी जबड्याच्या आत कायमच्या दातांचे काम जोरात चालू आहे. पहिल्या चार दाढा जन्माच्या सुमारास सुरू झाल्या; खालचे चारही आणि वरचे मधले दोन पटाशीचे दात तिसऱ्या-चौथ्या महिन्यात, आणि चार सुळे चौथ्या-पाचव्या महिन्यात. म्हणजे नवव्या महिन्यात एकूण १४ कायमच्या दातांवर कठीण थर चढत असतो. वरच्या बाजूचे दोन पटाशीचे दात वर्षाच्या आत-बाहेर सुरू होतात. पहिल्या दाढेचा माथा तिसऱ्या वर्षापर्यंत, पुढच्या दातांचे माथे चार-पाच वर्षांपर्यंत, आणि दुसऱ्या दाढेचा सात-आठ वर्षांपर्यंत पूर्ण होतो.

सात-आठ वर्षांचे मूल दवाखान्यात येते; पहिली दाढ पिवळट-तपकिरी, ठिसूळ असते, पुढच्या दातांवर मळकट ठिपके असतात, गार पाणी लागले की ते कळवळते. आई अपराधी चेहऱ्याने म्हणते, "चॉकलेट देत नाही हो मी!" तिचे म्हणणे खरे असते. हा दोष खाण्यातला नसतो, घडणीतला असतो. दाढ आणि पुढचे दात यांच्या अशा एकत्र दोषाला २००१ पासून स्वतंत्र नाव मिळाले आहे. त्याचे एकच एक कारण सांगता येत नसले, तरी पहिल्या तीन वर्षांतील आजारपणांशी त्याचा संबंध वारंवार दिसून आला आहे. कोणता दात, त्यावर किती उंचीवर खूण, हे पाहून ती कोणत्या वयात पडली याचा अंदाज बांधता येतो. हे सांगण्याचा हेतू आईला दोषी ठरविणे हा नाही. प्रत्येक तापाची खूण दातावर राहते असे मुळीच नाही; बहुसंख्य किरकोळ आजार काहीही मागे न ठेवता निघून जातात. प्रश्न आहे तो 'दात येताहेत' म्हणून अंगावर काढलेल्या, लांबलेल्या आजाराचा. तेथे धोका आधी बाळाच्या जिवाला असतो, आणि मग दाताला.

घरच्यांनी काय करावे

बाळाला चढा ताप किंवा जुलाब असतील, तर हिरडी सुजलेली असो वा नसो, डॉक्टरांना दाखवावे. जुलाबात जलसंजीवनी लगेच सुरू करावी, स्तनपान थांबवू नये. लसीकरण वेळेवर व्हावे. नऊ महिने पूर्ण होताच गोवर-रुबेलाची लस द्यावयाची असते, आणि गोवरासारखा आजार ज्या वयात टाळावयाचा, तेच कायमचे दात घडण्याचे वय असते. गरोदरपणी आईचा आहार, रक्तक्षय आणि तिची आजारपणे यांकडे लक्ष द्यावे, कारण दुधाच्या दातांचा पाया तेव्हाच घातला जातो. टेट्रासायक्लिन गटातील प्रतिजैविके घडणाऱ्या दातात बसून त्याला कायमचा पिवळा-करडा रंग आणू शकतात. म्हणून गरोदरपणी आणि आठ वर्षांखालील मुलांना ती डॉक्टरांच्या स्पष्ट सांगण्याखेरीज देऊ नयेत. घरातील जुनी औषधे काढून देणे तर कटाक्षाने टाळावे.

फ्लोराइडचे दोन चेहरे ध्यानात ठेवावेत. उगवलेल्या दाताला ते बळ देते. पण घडत असलेल्या दाताला पिण्याच्या पाण्यातून ते जास्त मिळाले तर एनॅमल पांढुरके, पुढे तपकिरी होते. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांच्या काही भागांत विंधन विहिरींच्या पाण्यामुळे हे घडले आहे. भारतीय मानकानुसार पाण्यात लिटरमागे एक मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड स्वीकार्य, आणि अन्य स्रोत नसल्यास दीड मिलिग्रॅम ही कमाल मर्यादा आहे. विंधन विहिरीचे पाणी रोजच्या पिण्यात असेल, तर त्याची तपासणी करून घ्यावी. टूथपेस्ट मात्र फ्लोराइडचीच वापरावी : तीन वर्षांखालील मुलांना तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी.

'दुधाचे दात पडणारच आहेत, कशाला उपचार?' हा दुसरा लाडका गैरसमज. काचपट्टीवर दुधाच्या दाढेच्या मुळांच्या कुशीत कायमच्या दाताचा अंकुर वसलेला दिसतो. दुधाची दाढ किडून मुळाशी पू झाला, तर तो थेट या अंकुराच्या अंगणात होतो आणि खालच्या दाताचे एनॅमल बिघडू शकते. पडल्यामुळे पुढचा दुधाचा दात आत घुसला, तरी तोच धोका. म्हणून दुधाचा दात दुखू लागण्याची वाट न पाहता दाखवावा.

आणि शेवटी, सहाव्या वर्षी दुधाच्या दाढांच्या मागे एक दाढ उगवते. तिच्या जागी आधी कोणताही दात पडलेला नसल्यामुळे घरच्यांना ती दुधाचीच वाटते. ती कायमची असते, आयुष्यभर पुरावयाची असते. ती दिसताच मुलाला दंतवैद्यांकडे न्यावे. घडणीत दोष असेल, तर वेळीच फ्लोराइडचा लेप देऊन, खाचा बुजवून, क्वचित धातूची टोपी बसवून ती वाचविता येते. निर्दोष असेल, तर ती तशीच राखण्याची तीच वेळ असते.

तेव्हा पुढील वेळी घरात कोणी म्हणाले, "दात यायलेत, ताप येणारच," तर आजींचा मान राखून एवढेच सांगावे, की जो दात दिसतो आहे त्याची काळजी नको. जे १४ दात अजून दिसत नाहीत, त्यांच्यासाठी आज डॉक्टरांकडे जाऊन येऊ.